सात निळी बटणं आणि चौदा युनिटं

"सुप्रसिद्ध गुप्तहेर. गुन्हेगारांचा कर्दनकाळ. घारीची नजर, हरणाचे कान आणि सहा भाषांत संशय घेण्याची क्षमता. कितीही गुंतागुंतीचे प्रकरण चुटकीसरशी सोडवून मिळेल. भेटीची वेळ सकाळी दहा ते बारा व सायंकाळी चार ते सहा. मधल्या वेळेत चिंतन."

हा मजकूर भावजींनी स्वतःबद्दल स्वतःच लिहिला होता आणि तो एका व्हिजिटिंग कार्डावर मावलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. कार्ड ज्याच्या टेबलावर तपासायला आलं, तो त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. छापखान्यात मुद्रितशोधक, म्हणजे बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका निमूटपणे सुधारणारा माणूस. भावजी त्याला 'मेहुणे' म्हणत आणि सहायकाचं काम त्याच्या गळ्यात याच नात्याने पडलं होतं. मेहुण्याने कार्डातल्या चार वेलांट्या सरळ केल्या, 'चुटकीसरशी' या शब्दाखाली पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं आणि कार्ड छापायला सोडलं. बहिणीचा नवरा म्हटल्यावर माणूस आणखी काय करणार?

खरं सांगायचं तर भावजींची अख्खी नोकरी बसडेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर गेली. बत्तीस वर्षांत आपण चार हजार छत्र्यांचा छडा लावला असं ते सांगत. प्रत्यक्षात त्या छत्र्या कंडक्टर आणून टेबलावर टाकत आणि भावजी त्यांना चिठ्ठी बांधत. मात्र एक गोष्ट मेहुण्यालाही मान्य होती. त्या खिडकीवर येणारा प्रत्येक माणूस ओशाळलेला असायचा. कुणी डबा विसरलेला, कुणी चष्मा, एकदा तर एक गृहस्थ कवळी विसरून गेले होते आणि ती मागायची कशी याच पेचात अर्धा तास उभे होते. भावजी कधी कुणाला हसले नाहीत. ते लांबलचक रजिस्टर उघडायचे आणि विचारायचे, वस्तू काय, सापडली कुठे, नाव, पत्ता, सही. निवृत्त होताना त्यांनी तसलं एक कोरं रजिस्टर आठवण म्हणून मागून घेतलं. तेच आता त्यांचं तपासाचं दफ्तर होतं, आणि त्यात आतापर्यंत एकच प्रकरण नोंदलेलं होतं. भावजींचा स्वतःचा चष्मा. तो ताईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, फ्रीजमध्ये सापडला.

तर गुरुवारी सकाळी साडेदहाला भावजींच्या दारात एक शिक्षिका येऊन उभी राहिली. तिच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका मेहुण्याच्या छापखान्यात छापल्या जात आणि तिथेच तिने ते कार्ड पाहिलं होतं. मेहुणा तिला वाचवायला म्हणून मागोमाग आला होता, पण त्याला उशीर झाला.

"आमच्याकडे चोरी होतेय," ती म्हणाली.

भावजी खुर्चीत सरसावून बसले. "काय गेलं?"

"वीज. म्हणजे, बहुतेक."

तिने जे सांगितलं ते असं. गेल्या उन्हाळ्यात तिच्या सासऱ्यांना उष्माघात झाला. चार दिवस दवाखान्यात होते. पुन्हा असं झालं तर निभावणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून या वर्षी नवरा-बायकोने एसी घेतला. दुकानदार म्हणाला, इन्व्हर्टरचा स्प्लिट घ्या, घ्यायला महाग पण चालवायला सगळ्यात स्वस्त. पहिला महिना बिल खरंच बेताचं आलं. दुसऱ्या महिन्यापासून दुप्पट.

"खालच्या मजल्यावर खिडकीत बसवायचा एसी आहे, पंधरा वर्षांचा. चालू झाला की आमची भांडी वाजतात. वरच्यांकडे चाकांवरचा आहे, तो ढकलत न्यायचा आणि त्याची नळी खिडकीबाहेर काढायची. दोघांचीही बिलं आमच्याहून कमी! मेकॅनिक म्हणतो, पंधरा दिवस वेळ नाही."

"बिल भरणं जड जातंय?" मेहुण्याने हळूच विचारलं.

"बिलाचं नाही हो काही. भरू आम्ही. पण बाबा ऐकत नाहीत. म्हणतात, दुपारी एसी लावून मी एकटाच झोपतो, तेव्हा हे माझ्यामुळेच होतंय. त्यांचं जुनं शिवणकामाचं दुकान आहे, त्याच्या पोटमाळ्यावर राहायला निघालेत. वर नुसता पत्रा. रविवारी सकाळी जातो म्हणून बॅग भरून दाराशी ठेवलीय." तिने पर्सची चेन ओढून लावली. "हे कामावर लांब असतात. मी काही बोलले की बाबा हसतात आणि बॅगेत आणखी एक सदरा ठेवतात."

भावजी उठून उभे राहिले. "बाई, रविवारच्या आत चोर तुमच्यासमोर हजर करीन."

मेहुण्याला त्या प्रश्नचिन्हाची आठवण झाली.

टेलरकाकांचं, म्हणजे शिक्षिकेच्या सासऱ्यांचं, घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दुपारी दोनला दोघं पोचले तेव्हा दारात ती बॅग होती आणि बॅगेलाही खोळ होती. आत पाऊल टाकताच मेहुण्याच्या लक्षात आलं की या घरात काहीच उघडं नव्हतं. टीव्हीला झालरीचं कव्हर, रिमोटला बटणांपुरती भोकं ठेवलेलं कव्हर, मिक्सरला, इस्त्रीला, पाण्याच्या पिंपाला, गॅसच्या सिलिंडरला सुद्धा. सिलिंडरच्या कव्हरला तर खिसा होता, त्यात पावती ठेवायची. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून काका निवृत्त झाले तेव्हा हात थांबेनात, मग त्यांनी घरातल्या वस्तूंची मापं घ्यायला सुरुवात केली.

"वस्तूची काळजी घेतली की वस्तू आपली काळजी घेते," काका म्हणाले. बारीक अंगाचे, गळ्यात अजून टेप. त्यांनी बोलता बोलता भावजींच्या हातातल्या भिंगाचं मापही घेऊन टाकलं.

"दुपारी एसी किती वाजता लावता?" भावजींनी दरडावून विचारलं.

"एक वाजता. पण हल्ली खोली लवकर गारच होत नाही. तीन वाजेपर्यंत ते बिचारं नुसतं धापा टाकतं." काकांनी मान खाली घातली. "म्हातारपणी माणसाच्या अंगात उष्णता जास्त असेल. मीच खोली तापवत असेन."

"बाबा!" सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडली.

भावजींनी घर पालथं घातलं. मागच्या बाल्कनीत दोन कव्हर घातलेल्या वस्तू होत्या. एक कपडे धुण्याचं मशीन असावं, त्याचा पाइप खाली दिसत होता. दुसरी कठड्याला लागून ठेवलेली एक मोठी पेटी, तिला जाड गडद निळ्या कापडाचं कव्हर. भावजी त्या पेटीवर बसले आणि चिंतन करू लागले. कुठलं तरी मशीन घरघरत होतं. मेहुण्याला वाटलं, कपडे धुणं चाललंय.

"बूड भाजतंय मेहुणे," थोड्या वेळाने भावजी म्हणाले. "लिहा. बाल्कनीत ऊन फार."

मेहुण्याने लिहिलं. बाल्कनीत त्या वेळी सावली होती, पण भावजींच्या वाक्यात काना-मात्रेची चूक नव्हती.

पहिला संशय वायरवर गेला. मीटरच्या खोलीतून निघालेली एक काळी वायर भिंतीवरून मागच्या अंगणात उतरली होती. भावजी तिच्या मागोमाग अंगणभर रांगले. वायरच्या दुसऱ्या टोकाला इमारतीच्या घंटेचं बटण निघालं, आणि ते भावजींच्या डोक्याने दाबलं गेल्यामुळे तीन मजल्यांवरची माणसं खिडकीत आली. पण रांगणं फुकट गेलं नाही. मागच्या बाल्कन्यांच्या बरोबर खाली, फरशीच्या फटीत, त्यांना एक बटण सापडलं. मोठं, निळं, चार भोकांचं.

"कोटाचं बटण!" भावजी कुजबुजले. त्यांनी ते काडेपेटीत घातलं. "आता सांगा मेहुणे, या उकाड्यात कोट कोण घालेल?"

"कुणीच नाही."

"चूक. ज्याच्या घरात कडाक्याची थंडी आहे, तो घालेल. आणि घरात कडाक्याची थंडी कोण ठेवेल? ज्याला वीज फुकट मिळते तो! कोटवाला सापडला की चोर सापडला."

मेहुणा चमकला. भावजींचं बोलणं सरळ रेषेत जातंय, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. "मग टेलरकाकांना बटण दाखवू या का? कोटातलं त्यांना कळतं."

"पुरावा कुणालाही दाखवायचा नसतो," भावजी म्हणाले आणि काडेपेटी खिशात गेली.

वरच्या मजल्यावरच्या काकू घरी केक करून विकत. चाकांवरचा एसी त्या सकाळी ओट्यापाशी ढकलत, म्हणजे क्रीम वितळायचं नाही, आणि दुपारी पलंगापाशी. भावजींनी चाकं भिंगातून पाहिली.

"एसीला चाकं कशाला लागतात?"

"उचलवत नाही म्हणून," काकू म्हणाल्या.

"किंवा पळून जायला," भावजी अर्थपूर्ण आवाजात म्हणाले. "तुमच्याकडे कोट आहे?"

"एप्रन आहे. आणि हा पळणार कुठे? नळी जेमतेम खिडकीपर्यंत पोचते. आवाज एवढा करतो, वीज खातो, आणि पाठ गार केली की पोटाला घाम. घेताना स्वस्त पडला म्हणून घेऊन बसले." काकूंनी दोघांना केकचे कडेचे कापलेले तुकडे दिले. ते खाल्ल्यावर काकू निर्दोष असल्याची भावजींची खात्री पटली.

खालच्या मजल्यावर पोहण्याचे कोच राहत. दारातच खांद्यावर टॉवेल, अंगात अर्धी चड्डी, दाराची चौकट भरून टाकणारा माणूस. आत खिडकीतला एसी दणदणत होता, त्यामुळे सगळं संभाषण ओरडून झालं.

"थंडी आवडते?" भावजी ओरडले.

"पहाटे पाच वाजता पाण्यात उतरतो!" कोच ओरडले. "थंडीशिवाय करमत नाही!"

"कोट आहे?"

"आहे! लग्नातला!"

भावजींनी मेहुण्याचा दंड दाबला. "बटणं शाबूत आहेत?"

"सगळी आहेत! पण लागत नाहीत! पोट वाढलं!"

जिन्यात आल्यावर भावजी बोटांवर मोजू लागले. "थंडीचा षौकीन. घरात कोट. तोच आपला माणूस. शनिवारी सापळा लावायचा."

सापळ्याची कल्पना मात्र मेहुण्याची होती, आणि ती सापळा नव्हतीच. त्याने एवढंच सुचवलं की कोण किती वीज खातं ते एकदा शेजारीशेजारी ठेवून वाचू या. छापखान्यात मूळ प्रत आणि छापील प्रत अशीच वाचतात. शनिवारी तिन्ही घरांत दारं-खिडक्या लावून, एकाच आकड्यावर ठेवून, दहा ते सहा एसी चालवायचे. आधी आणि नंतर मीटर बघायचे. बाकी सगळं बंद. काकूंनी त्या दिवशी केकची ऑर्डर घेतली नाही, कोचनी आंघोळीचा गीझर लावला नाही. टेलरकाकांसाठी म्हटल्यावर कुणी कुरकुर केली नाही.

काका दिवसभर एसीच्या खोलीत न जाता बाहेरच्या बाकावर बसून राहिले. "उगीच माझ्या उष्णतेने हिशोब चुकायला नको," म्हणाले. मेहुण्याने त्यांना पाणी नेऊन दिलं. काकांनी त्याच्या सदऱ्याची उसवलेली बाही पाहिली आणि तिथल्या तिथे खिशातून सुई काढली.

सहाच्या ठोक्याला सगळे दुसऱ्या मजल्यावर जमले. भावजी मधोमध उभे. मेहुण्याने कागद वाचला.

"चाकांवरचा : अकरा युनिटं. खोली मात्र पुरती गार झालीच नाही. खिडकीतला : दहा. म्हातारा आहे, पण खोली गार करून थांबतो, मग पुन्हा लागतो. इन्व्हर्टरचा स्प्लिट..." तो घुटमळला. "दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे सहा व्हायला हवीत. चौदा झाली."

बाकावरून काका आत आले होते. त्यांनी बॅगेच्या खोळीची नाडी नीट केली.

"बाबा, आज तर तुम्ही खोलीत नव्हता ना! मग तुमच्यामुळे कसं होईल?"

"सवय लागली असेल त्याला माझी," काका म्हणाले.

"थांबा!" भावजींनी हात वर केला. "चोर याच खोलीत आहे. तो थंडीचा षौकीन आहे. त्याच्याकडे कोट आहे. आणि त्या कोटाचं एक बटण," त्यांनी काडेपेटी उघडली, "गुन्ह्याच्या जागी पडलं!" आणि त्यांनी कोचकडे बोट रोखलं.

कोचनी वाकून काडेपेटीत पाहिलं. "अरे, हे सहावं का?" म्हणत त्यांनी चड्डीच्या खिशातून मूठभर बटणं काढून टेबलावर ठेवली. पाच. मोठी, निळी, चार भोकांची. "महिनाभर रोज विचार करतोय द्यायला वर यावं. एकेक करून माझ्या बाल्कनीत पडतात. परवा एक डोक्यात पडलं. काका, तुमच्या त्या कोटाची बटणं पक्की शिवा की!"

काकांचा चेहरा उजळला. "माझीच आहेत! दुहेरी दोऱ्याने लावली होती, तरी टिकत नाहीत. आतून सारखा जोर येतो."

"कसल्या कोटाची?" मेहुण्याने विचारलं.

"बाहेरच्या मशीनच्या. एसीचं ते बाल्कनीतलं. ऊन, धूळ, कबुतरं... एवढं महागाचं मुलांनी माझ्यासाठी घेतलं. एका गिऱ्हाइकाने कोट शिवायला टाकून नेलाच नाही, चांगलं लोकरीचं कापड होतं. अस्तर लावून शिवला. गेल्याच्या गेल्या महिन्यात."

मेहुणा उठून मागच्या बाल्कनीत गेला. निळी पेटी अजून घरघरत होती. समोरचा भाग टरारून फुगला होता आणि एकुलतं एक उरलेलं बटण ताणलं गेलं होतं. त्याने ते सोडवून कोट वर उचलला. गरम वाफ भसकन त्याच्या तोंडावर आली. आतून खोलीची उष्णता आणून बाहेर टाकायची, हे त्या मशीनचं काम. ते बिचारं दीड-दोन महिने लोकरीच्या कोटात कोंडून तीच उष्णता पुन्हा पुन्हा गिळत होतं.

मागे सगळे दारात येऊन उभे होते. घरघर हळूहळू खाली आली, मग जेमतेम ऐकू येईल एवढी झाली.

"म्हणजे मी यावर बसलो होतो?" भावजी म्हणाले.

काका कोटाकडे बघत होते. त्याची कॉलर फार सुबक होती. "म्हणजे चोर मीच," ते म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. "पोरांनी माझ्यासाठी आणलं आणि मीच त्याचा गळा आवळून बसलो. माझं म्हणणं बरोबरच होतं." आणि ते सरळ दाराकडे गेले आणि त्यांनी बॅग उचलली. "उद्या कशाला, आत्ताच निघतो."

कोच टॉवेलाने कपाळ पुसत राहिले. मेहुण्याने आयुष्यभर चुका सुधारल्या होत्या, पण ज्याची चूक आहे त्याच्या तोंडावर कधी सुधारली नव्हती.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भावजी टेबलाशी बसले होते. त्यांनी लांबलचक रजिस्टर उघडलं, पेनचं टोपण काढलं आणि मेहुण्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता अशा आवाजात, सावकाश, वर न बघता विचारलं, "वस्तू काय?"

काका दारात थांबले. "काय म्हणालात?"

"हरवलेली वस्तू काय?"

"गुप्तहेरसाहेब, थट्टा नको."

"थट्टा नाही. नियम आहे. थंडावा, असं लिहितो. सापडला कुठे? मागच्या बाल्कनीत, कोटाच्या आत. कोट उत्तम शिवलेला. हेही लिहितो, कारण मालाची अवस्था लिहावी लागते." पेन करकरत होतं. "बत्तीस वर्षं मी हे काम केलं काका. त्या खिडकीवर येणारा प्रत्येक जण आपलीच वस्तू आपणच विसरलेला असायचा. त्यातला एकही चोर नव्हता. नाव झालं. आता पत्ता."

"पत्ता कशाला?"

"वस्तू मालकाच्या राहत्या पत्त्यावरच जाते. तुम्ही पोटमाळ्याचा सांगितलात तर हा थंडावा मला उचलून तिकडे पाठवावा लागेल. तिकडे बसवायला जागा आहे?"

काकांनी पत्र्याचा विचार केला असावा. त्यांच्या हातातली बॅग जराशी खाली आली. त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली, डोळ्यांतलं पाणी पुसायच्या फंदात पडली नाही.

"दुसरा मजला," काका अगदी हळू म्हणाले.

"मोठ्याने. कान कमी झालेत."

"दुसरा मजला! हेच घर!"

"सही करा," भावजी म्हणाले. काकांनी बॅग खाली ठेवून दोन्ही हात मोकळे केले आणि सही केली.

रविवारी पुन्हा दहा ते सहा एसी चालवून संध्याकाळी मीटर पाहिला. सहा युनिटं. काका खोलीत चार तास झोपले होते. मेकॅनिकला फोनवर विचारून त्यांनी बाहेरच्या मशीनच्या वर हातभर उंचीवर एक छत्री शिवून दिली, चारी बाजू मोकळ्या, वारा जायला वाट, फक्त ऊन अडवणारी. तिला एकही बटण नव्हतं. निळा कोट मात्र वाया गेला नाही. काकांनी तो उसवून भावजींच्या मापाचा केला, आणि भावजी भर उकाड्यात तो घालून घरभर फिरू लागले. ताईने विचारलं तेव्हा म्हणाले, गुप्तहेराला कोट लागतो. सातही बटणं लावलेली होती.

सोमवारी मेहुणा रजिस्टर चाळत होता. प्रकरण क्रमांक दोनच्या खाली भावजींनी टपोऱ्या अक्षरांत शेरा लिहिला होता. 'तपास स्वतः केला. प्रकरण चुटकीसरशी सोडवले.'

मेहुण्याने सवयीने कानामागची पेन्सिल काढली, शब्दाखाली टेकवली. मग तशीच पुन्हा कानामागे ठेवली आणि पान उलटलं.